डाव्या हातावर लिहिलेलं अक्षर

पुणे, ५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं मला जमलं नसतं. तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून आईच्या हातात फोन दिला असता आणि आईने डब्यात काय नेलंस ते विचारलं असतं. म्हणून लिहायला बसले.

ठरलं आहे ते आधी सांगते. मी शनिवारी, १५ तारखेला सकाळी घरी पोचते. सोमवारी आपण तिघं नागपूरला मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत जायचं. रजा मंजूर झाली आहे, गाडी सांगून ठेवली आहे आणि दादाला मी सगळं कळवलं आहे. बंबाच्या चटक्याचं दादाला सांगू नकोस असं तुम्ही बजावलं होतं. ते मी मोडलं, बाबा. रागवायचं असेल तर मी घरी आल्यावर रागवा.

नरकचतुर्दशीला मी तुम्हाला तेल लावत होते ते आठवतंय ना? परसात पाटावर बसला होतात, नुकतं उजाडत होतं. डाव्या हाताला तेल लावताना कोपराच्या खाली, मागच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत एक चट्टा दिसला. छोट्या पुरीएवढा, फिका, कडेला किंचित तांबूस. बाकी हातावर लव आहे, तिथे एकही केस नाही. गारठ्याने तुमच्या अंगावर काटा आला होता, त्या पुरीवर मात्र नव्हता. वॉर्डात नवीन पेशंट आला की आम्ही आधी उजेडात नुसतं बघतो, मग हाताच्या पालथ्या बाजूने गरम-गार बघतो, मग चाचपतो. माझ्या हातांनी तेच केलं, मी ठरवलंसुद्धा नव्हतं. तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात ना, तिथली नस मला दोरीसारखी जाड लागली. उजवी बघितली, ती तशी नव्हती.

मग मी आपला खेळ काढला. लाइट गेली की तुम्ही माझ्या पाठीवर बोटाने अक्षर लिहायचात आणि मी ओळखायचे, तो. मी म्हटलं, बाबा, डोळे मिटा. उजव्या हातावर ‘क’ लिहिला, तुम्ही लगेच ओळखलात. ‘म’ ओळखलात. डाव्या हातावर, त्या चट्ट्यावर, मी ‘अ’ लिहिला. तुम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलात आणि म्हणालात, “लिही की, थांबलीस कशाला?”

माझं लिहून झालं होतं, बाबा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आत आईने चकल्यांचं तेल तापत ठेवलं होतं, अंशू फुलबाज्या मागत होता, सणाच्या सकाळी माझी जीभ उचलली नाही. आणि एक गोष्ट मला रोज टोचते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत तुम्ही हाच हात मला दाखवला होता. मी ट्यूबलाइटखाली बघितलं, ‘शिबं असतील’ म्हटलं आणि पुण्याहून मलम पाठवून दिलं. नुसता कापूस फिरवून बघितला असता तर कळलं असतं. बावीस वर्षं नर्सिंग करतेय आणि स्वतःच्या बापाच्या हाताला नीट हात लावला नाही. तुम्ही ते मलम महिनोन्महिने लावलंत, कारण मुलीने पाठवलं होतं.

आता शब्द लिहिते. मला कुष्ठरोगाची शंका आहे. ही शंकाच आहे, निदान डॉक्टर करतील. ते कापसाने स्पर्श तपासतील, हाता-पायांच्या नसा बघतील, गरज वाटली तर कानाच्या पाळीवर नि चट्ट्यावर बारीक चीर देऊन नमुना घेतील. मुंगी चावल्याएवढं दुखतं, त्याहून जास्त नाही.

गोठ्यापलीकडच्या खोलीबद्दल मला माहीत आहे, बाबा. आजीने शेवटच्या उन्हाळ्यात सांगितलं होतं, आत्याआजीचं ताट दारात कसं ठेवायचे तेही. तुम्ही पूर्ण बाह्यांचे शर्ट का घालायला लागलात हे मला त्या पहाटे कळलं. पण तेव्हा देण्यासारखं औषधच नव्हतं हो. हॅन्सनने जंतू शोधला तो १८७३ साली, आणि एकाऐवजी दोन-तीन औषधं एकत्र द्यायला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ते १९८१ साली. आज गोळ्यांचं पाकीट मिळतं, २८ दिवसांचं एक, सरकारी दवाखान्यात फुकट. आजार किती पसरलाय त्यावरून सहा महिने किंवा बारा. त्यातल्या एका गोळीने लघवी लालसर होते, एकीने कातडी थोडी काळवंडते आणि पुढे हळूहळू निवळते. घाबरून मधेच बंद करायच्या नाहीत, एवढंच.

आणि तुम्हीच तर मला आनंदवनात नेलं होतं. सहावीची सहल होती. बाबा आमटेंनी सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर काम सुरू केलं, १९४९ साली समिती काढली, हे तुम्ही एसटीत उभं राहून सांगत होतात. तिथल्या एका आजोबांनी विणलेली सतरंजी तुम्ही विकत घेतलीत आणि घरी आल्यावर आजी नको म्हणत असताना स्वतःच्या अंथरुणावर घातलीत. मी विसरलेले नाही.

अंशूला मांडीवर घेतलं होतं, त्याला काही होईल का, हे तुमच्या मनात आधी येणार. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद असतेच, आणि औषध सुरू झालं की लागण होण्याची भीती राहत नाही. घरातल्या सगळ्यांना तपासतात आणि लागण होऊ नये म्हणून एकदा गोळी देतात. ती आम्ही सगळे घेऊ. पण तुम्ही ताट-तांब्या वेगळा करायचा नाही. आई, तू करू द्यायचा नाहीस. अंथरूणही जिथे आहे तिथेच.

औषध आपल्या आरोग्य केंद्रातही मिळतं, हे मला माहीत आहे. पण तिथल्या बाकावर तुमचे निम्मे विद्यार्थी बसलेले असतात, आणि तुम्ही तिथे हात पुढे करणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून नागपूर. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. जेवण मी घरून बांधून घेईन, तुम्हाला जिना चढायला लागणार नाही हे विचारून ठेवलंय, दुपारी आडवं व्हायला मावशीकडे सोय आहे. मावशीला फक्त ‘कातडीची तपासणी’ एवढंच सांगितलंय.

तोवर एवढं ऐका. बंबाजवळ जायचं नाही, गरम भांडं डाव्या हाताने धरायचं नाही. पाणी कोमट आहे का ते उजव्या हाताने बघायचं. रात्री पायाचे तळवे आईला दाखवायचे, काटा रुतला तर कदाचित तुम्हाला कळणारही नाही. करंगळीवरच्या फोडाचा पापुद्रा सोलू नका. मलम बंद. सोमवारी सकाळी हातावर तेल, पावडर काही लावायचं नाही आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचा, तो निळा. करंगळी वळायला कमी पडतेय किंवा बटण लावताना हात दमतोय असं वाटलं तर त्याच दिवशी मला फोन करा. नसेला सूज असेल तर वेगळं औषध लागतं आणि त्यात उशीर चालत नाही.

आणि आई, तू सुटलीस असं समजू नकोस. चकल्या सोडताना मी तुझी नखं बघितली. अंगठ्याचं नख मधे खोलगट झालंय, त्यावर पाण्याचा थेंब टेकून राहील असं. खालच्या पापणीच्या आत लाली नाही. केस विंचरलेस की फणीत गुंता निघतो तो तू गुंडाळून खिडकीच्या जाळीत खोचतेस, तोही बघितला. वय झालं म्हणून नखं अशी होत नाहीत गं. मला रक्त कमी वाटतंय, बहुतेक लोहाचं. सोमवारी तुझंही रक्त तपासायचं आहे. नखांना मेंदी लावू नकोस, खालचा रंग कळत नाही. जेवणावर लगेच चहा प्यायची सवय तेवढी सोड, जेवणातलं लोह अंगी लागत नाही त्याने. गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नकोस, रक्त कशाने कमी झालं ते आधी बघू दे.

लहानपणी तू माझी नखं कापायचीस तेव्हा प्रत्येक बोटाला एक नाव ठेवायचीस. करंगळी ‘राणी’ होती. शनिवारी तुझी दहाच्या दहा मी कापते.

बाबा, हे पत्र वाचून चष्मा पुसत बसाल आणि आईला ‘काही नाही’ म्हणाल. तसं करू नका, पूर्ण वाचून दाखवा. शनिवारी पहाटे बंब पेटवू नका. मी आल्यावर पाणी तापवते.

तुमची,
मनू