घरगुती पदार्थांच्या नोंदणीसाठी तालुक्यातच शिबिरे हवीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यात फणसपोळी, आंबापोळी, कोकम आगळ घरी करून विकणाऱ्या अनेक महिलांना अजूनही वाटते की अन्न परवाना हा कारखानदारांचा विषय आहे. वास्तविक अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ घरातून होणाऱ्या विक्रीलाही लागू आहे. मात्र २०११ च्या नियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला परवान्याऐवजी केवळ नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवले. अर्ज केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉस्कॉस’ संकेतस्थळावर भरता येतो आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.

एवढ्याशा अर्जासाठी मध्यस्थ शुल्काच्या कितीतरी पट पैसे उकळतात, हे अत्यंत क्लेशदायक आहे. अन्न व औषध प्रशासनाने आंब्या-फणसाच्या हंगामापूर्वीच आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी नोंदणी शिबिरे भरवावीत. तेथेच पाण्याची शुद्धता, स्वयंपाकघराची स्वच्छता आणि वेष्टनावरील तारखा यांविषयीही मार्गदर्शन व्हावे, कारण कोकणातील पावसाळी दमट हवेत नीट न वाळलेल्या पोळीला लवकर बुरशी येते आणि त्याचा त्रास खाणाऱ्याला होतो.

आपली,
एक वाचक, वेंगुर्ले