पेठेचे फोटो काढण्याआधी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शहराच्या मध्यभागातली जुनी बाजारपेठ एकेक दुकान करत बंद पडते आहे आणि ती पुरती ओस पडण्याआधी तिची छायाचित्रे काढून ठेवावीत, हा तुझा विचार मला मनापासून पटला. कोणती लेन्स घ्यावी असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर पुढे देतोच. पण आधी माझी एक चूक तुला सांगितली पाहिजे, कारण तुझा बेत नेमका त्याच वाटेने निघालेला दिसतो.

'उजाडता उजाडता जाईन, म्हणजे कोणी मध्ये येणार नाही,' असे तू लिहितोस. मीही तेच केले होते. सहा महिने भल्या पहाटे जाऊन मी अशाच एका उतरणीला लागलेल्या पेठेतली बंद शटरे, गंजलेल्या पाट्या आणि तडकलेल्या काचा टिपत राहिलो. चित्रे देखणी आली, लोकांनी वाखाणली, त्यांचे एक छोटेसे प्रदर्शनही झाले. त्यातल्या एका चित्रात ज्या दुकानाचे शटर होते, ते दुकान बंद पडलेले नव्हतेच. ते दहा वाजता उघडत असे. चित्र पाहून त्या दुकानाला माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने मालकिणीला विचारले, 'धंदा आवरताय का?' आणि पुढच्या खेपेपासून उधारीवर माल देणे थांबवले. ती बाई माझ्यावर रागावली नाही. 'एकदा साडेअकराला या,' एवढेच म्हणाली. मी गेलो तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइके होती. त्याला गर्दी म्हणता आले नसते, पण दुकान चालू होते, आणि माझे चित्र ते बंद असल्याचे सांगत होते.

रिकामा रस्ता हा कॅमेऱ्याचा फार जुना खोटेपणा आहे. छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या फ्रेंच दागेरने 1838 साली पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांपल या वाहत्या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात रस्ता निर्मनुष्य दिसतो, कारण प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत आणि तेवढ्या वेळात चालती माणसे, घोडे, गाड्या यांचा मागमूसही उरत नसे. उमटला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस. आपल्या कॅमेऱ्याला सेकंदाचा अंशही पुरतो. आपण तोच परिणाम पहाटेची वेळ निवडून साधतो. फरक एवढाच, की दागेरचा नाइलाज होता.

म्हणून माझा आग्रह असा, की एकाच जागेवरून दिवसातून निदान तीनदा चित्र घे: उघडण्याच्या वेळी, भर बाजाराच्या वेळी आणि दिवे लागल्यावर. दिवे लागल्यावरचे चित्र मला सर्वांत बोलके वाटते. चालू गाळा उजळलेला आणि रिकामा गाळा काळा, असे रस्त्याचे दात पडलेले तोंड तेव्हा कोणतीही नाट्यमयता न आणता दिसते.

आता लेन्स. टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने लांबून रस्ता टिपलास तर दूरदूर चालणारी दहा माणसे एकमेकांना चिकटून गर्दी झाल्यासारखी दिसतील. वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने तीच माणसे कुठे तरी हरवतील आणि पुढचा फरसबंद रस्ताच चित्रभर पसरेल. पेठ भरलेली की ओस, हे अशा रीतीने लेन्सच ठरवते. 35 किंवा 50 मिलिमीटरची एकच लेन्स घे, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर सरळ धर आणि पुढची पाच वर्षे त्यात बदल करू नकोस. काचेवरची झळक घालवायला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिल्टर, जवळ असू दे. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण 35 अंशांच्या कोनात उभा राहिलास तर तो उत्तम काम करतो. मात्र ती झळक दर वेळी घालवू नकोस. रिकाम्या गाळ्याच्या काचेत समोरच्या बाजूचे चालू दुकान दिसते, आणि ते पाहायला मिळावे असे मला वाटते.

पाच वर्षे म्हणालो ते सहज नव्हे. पेठेची उतरण एका चित्रात मावत नाही. ती दोन चित्रांच्या मधल्या काळात असते. कामिलो होसे व्हर्गारा हा छायाचित्रकार 1970 च्या दशकापासून अमेरिकेतल्या शहरांत त्याच त्याच कोपऱ्यांवर परत जात राहिला. हार्लेममधल्या 65, ईस्ट 125 व्या रस्त्यावरची एक दर्शनी बाजू त्याने 1977 पासून पुन्हा पुन्हा टिपली: आधी नाइटक्लब, मग विडी-सिगारेटचे दुकान, पुढे गाद्यांचे. त्यातले कोणतेही एक चित्र वेगळे काढले तर ते सामान्य आहे. सगळी ओळीने लावली, की एकच दर्शनी भाग मधोमध दुभंगून दोन दुकानांचा कसा झाला, तेही डोळ्यांपुढे घडते.

परत त्याच जागी उभे राहणे वाटते तितके सोपे नाही. फुटपाथवर केलेली खूण पुसली जाते. त्यापेक्षा पहिल्या चित्रात जवळच्या खांबाची कड मागच्या इमारतीच्या कोणत्या खिडकीवर येते ते पाहून ठेव. दोन्ही पुन्हा तशाच जुळल्या, की तू त्याच रेषेवर आहेस. अशा दोन जोड्या जुळवल्यास तर जागा पक्की. सावल्याही जुळायला हव्या असतील तर वर्षाच्या त्याच तारखेला, त्याच वेळी जा.

आणि निवड करू नकोस. एड रुशे या अमेरिकी चित्रकाराने 1966 साली लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरची प्रत्येक इमारत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची, चालत्या गाडीतून टिपली. चांगले-वाईट काही वेगळे काढले नाही. तूही पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक गाळा टिप. नवे रंगवलेले दुकान वगळायचा मोह होईल, कारण ते आपल्या कथेत बसत नाही. नेमके तेच घे.

मान मात्र वर असू दे. पेठ वरून मरायला लागते, हे मला फार उशिरा कळले. खालचे दुकान रुंद करताना पुष्कळ ठिकाणी वरच्या मजल्याचा जिनाच काढून टाकलेला असतो. मग वर राहणे नाही, कार्यालय नाही, आणि पन्हाळीत झाड उगवले तरी पाहायला कोणी नाही. खाली पाटी झगझगीत असते तेव्हाच वर ओल उतरत असते.

पेठ का ओसरली, हे मात्र तुला पेठेत टिपता येणार नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिसजवळ 1956 साली साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित खरेदी-संकुल उघडले, आणि गाडी घेऊन शहराबाहेर खरेदीला जाण्याची ती तऱ्हा पुढे जगभर पसरली. तेव्हा बाहेरवळणाचा रस्ता, तिथले वाहनतळ, मालाची गोदामे यांचीही चित्रे त्याच चिकाटीने घे. ती पाहायला रुक्ष असतील, पण ती नसतील तर बंद शटर नुसते शोकगीत होऊन बसते.

एक गोष्ट माझ्या मनात सलते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या दाट वस्तीतल्या बोळांची थॉमस अ‍ॅनन या छायाचित्रकाराने 1868 ते 1871 मध्ये काढलेली चित्रे आज आपण हळहळत पाहतो. पण ते काम त्याला सोपवले होते ती वस्ती पाडायला निघालेल्या मंडळींनीच. पडझडीचे चित्र आठवण जपते, तसेच पाडणाऱ्याच्या हातात कारणही देते. म्हणून प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि दुकान त्या दिवशी चालू होते की नाही, हे लिही. आणि ते त्या दुकानदाराला विचारून लिही. माझ्या त्या जुन्या चित्राखाली मी 'मावळती पेठ' एवढेच लिहिले होते.

त्या दुकानाची उधारी नंतर सुरू झाली. मी त्या व्यापाऱ्याकडे स्वतः जाऊन आलो होतो. चित्र मी मागे घेतले नाही, त्याच्या शेजारी साडेअकराचे चित्र लावले.

पहिली फेरी झाली की चित्रे पाठव. निवडक नकोत, सगळी पाठव, हललेलीसुद्धा.

तुझा मित्र