कळसूबाईला जायचं तर दसऱ्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीच्या ठिकाणांची यादी आली. तिच्यात पहिलं नाव कळसूबाईचं आणि सोबत ढगात बुडालेल्या शिडीचा फोटो. माझं माहेर राजूरचं. सगळे ऋतू धरून हा डोंगर मी वीसेक वेळा तरी चढले आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आषाढ-श्रावणातल्या शनिवार-रविवारी कळसूबाई हा नवख्यांनी चढायचा डोंगर नाही.

गेल्या जुलैत लेक, जावई आणि आठ वर्षांच्या नातवाबरोबर मी गेले. पायथ्याच्या बारी गावात पोचेपर्यंत साडेनऊ वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, काही तर थेट शेताच्या बांधावर चढवलेल्या. ते आवणीचे दिवस. गावातल्या बायाबापड्या गुडघाभर चिखलात वाकून भात लावत होत्या आणि त्यांच्या बांधावर कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती.

शिडीपाशी सगळं अडलं. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर. तासाभरात आम्ही पंधरा-वीस पायऱ्या चढलो असू. प्रत्येक पायरीवर बुटांची तांबडी माती साचून तिचा लगदा झालेला, आणि कठड्याचं लोखंड इतकं गार की बोटं बधिर व्हायची. माझ्या पुढच्या मुलीच्या पायात गुळगुळीत तळव्याचे कापडी बूट होते. तिचा पाय सटकला आणि टाच माझ्या बोटांवर आली. माझ्यामागे नातू होता. मी कठडा सोडला नाही, एवढंच. करंगळीचं नख पुढे महिनाभर काळं होतं. ती मुलगी घाबरून रडायला लागली, पण तिला परत फिरायलाही वाट नव्हती, कारण खाली शंभरेक माणसं उभी होती.

माथ्यावर पोचलो तर देवळाचा कळससुद्धा जवळ गेल्याशिवाय दिसेना. ‘आजी, धरण कुठंय?’ नातवानं विचारलं. मी हात केला त्या दिशेला नुसतं पांढरं. हे वाईट नशीब नव्हे. समुद्रावरून येणारे ढग याच रांगेला अडतात आणि १६४६ मीटरचा हा माथा राज्यात सर्वांत उंच, त्यामुळे पावसाळ्यात तो दिवसचे दिवस ढगातच असतो. जवळच्याच घाटघर-रतनवाडी गावांच्या पावसाचे आकडे आपणच छापता.

त्याच नातवाला मी दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी पुन्हा नेलं. पहाटे साडेपाचला बारीतून निघालो. पायवाट वाळलेली, ओढ्यांना अजून पाणी, उतारावर सोनकी फुललेली. खाली खुरासणीची शेतं पिवळी आणि नागली कापणीला आलेली. शिडीवर आमच्यापुढे फक्त तिघं होते. वर पोचलो तेव्हा ऊन नुकतं पसरत होतं. भंडारदऱ्याचं पाणी, त्यामागे रतनगड, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग एका ओळीत, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, आणि उत्तरेला दूरवर धोडप किल्ला. नातवानं धोडपची खाच स्वतः शोधून काढली आणि बराच वेळ तो तिच्याकडेच बघत बसला.

मात्र या दिवसांतही एक पथ्य पाळावंच लागतं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून परततो, पण जाताना दुपारी वळवासारखा गडगडाट करून जातो. उघडा माथा, त्यावर लोखंडी शिड्या. वीज कडाडायला लागली की तिथे आडोसा नाही. दुपारी बाराच्या आत शिड्या उतरून खाली यायचं, हा माझ्या वडिलांचा नियम होता आणि मी तो मोडलेला नाही. ऑक्टोबरचं ऊनही चांगलंच चटका देतं, त्यासाठीही पहाटेच निघणं बरं.

नोव्हेंबर ते जानेवारी तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपतो हा डोंगर. गवत सोनेरी होतं, सकाळी हवा स्वच्छ असते. फक्त माथ्यावरचा वारा हाडात शिरतो, कानटोपी हवीच. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कोळ होतं, वणव्याची भीती असते आणि पाण्याची ओढ लागते. नवरात्रात देवीची यात्रा असते, तेव्हा दर्शनासाठी जरूर जावं, पण चढाईची हौस म्हणून ते दिवस निवडू नयेत. ती गर्दी नवस फेडायला आलेल्यांची असते, त्यांना वाट मोकळी हवी.

पावसाळी गर्दीमुळे बारीतल्या लोकांना चार पैसे मिळतात, हे मला ठाऊक आहे. वाटेवर लिंबू सरबत आणि काकडी विकणाऱ्या एका बाईंना मी ऑक्टोबरात विचारलं. त्या म्हणाल्या, ‘जुलैत आम्ही आवणी सोडून इथं येतो बघा, आणि आता हात मोकळे तर माणूस नाही.’ तीच माणसं चार महिन्यांत विभागून आली तर गावकऱ्यांची शेतीही होईल आणि पिठलं-भाकरीही खपेल.

म्हणून विनंती एवढीच: पुढच्या जूनमध्ये यादी छापताना कळसूबाईचं नाव तिच्यातून काढून दसऱ्याच्या पुरवणीत घाला. पावसात हिंडायची हौस असणाऱ्यांना भंडारदऱ्याच्या काठचा रस्ता आणि रंधा धबधबा लांबून पाहायला आहेच. आणि कळसूबाईवर लिहाल तेव्हा बुटांचे तळवे, निघायची वेळ आणि परतायची वेळ, या तीन गोष्टी फोटोखाली ठळक अक्षरांत येऊ द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सिन्नर