शहापूरच्या अक्कांना जाहीर आभारपत्र

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

बेळगावात शहापुरात तुमच्या घरी पुढच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं आहेत. डावीकडं रहस्यकथा, त्याही काळोख्या, खुनाच्या आणि जुन्या वाड्यांतल्या. उजवीकडं जादूटोणा, शाप, यक्षिणी आणि त्यात अडकलेल्या विनोदी प्रेमकथा. या कपाटांनी माझं काय भलं केलं ते तोंडावर सांगायला गेले की तुम्ही "चहा घे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

बाबा गेले तो पावसाळा मी खानापुरात माहेरीच होते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी वाचायला सुचवायचं. कुणी पोथी दिली, कुणी धीर देणारं पुस्तक. दिलं ते मायेनंच, पण एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. तुम्ही खुनाची कादंबरी काढून दिलीत. "रडायला येतंय म्हणून असलं वाचायचं नाही असं कुठं लिहून ठेवलंय? घेऊन जा बघ." घरच्यांना ते खटकलं. सुतकाच्या घरात हिच्या हातात खून!

अक्का, त्या पुस्तकानं काय केलं ते आज सांगते. बाबांचं सगळं फार पटकन उरकलं होतं. दाखला काढला, रेशन कार्डावरचं नाव कमी केलं, बँकेत कागद दिले. तेरावा झाला आणि घरातली बोलणी पुन्हा भाताच्या रोप लावणीवर आली. तशी ती यायलाच हवीत, शेत थांबत नाही. पण त्या कादंबरीत एका म्हाताऱ्या कारकुनाच्या मरणावर अख्खं पुस्तक खर्ची पडलं होतं. तो त्या संध्याकाळी काय जेवला, कुणाची वाट बघत होता, टेबलावर दुसरा कप कुणाचा, असं एक परकं माणूस चिकाटीनं विचारत राहतं. कुणाचं तरी जाणं असं सहजासहजी उरकू न देणारं माणूस मला हवं होतं. त्या पुस्तकात ते भेटलं, आणि मी पहिल्यांदा मोकळी रडले.

मग मी तसलंच दुसरं मागायला आले तर तुम्ही दिलं नाहीत. "आता ह्या कपाटातलं," म्हणून उजवीकडं बोट दाखवलंत. त्यात खोटं बोललं की शिंका येणारी एक चेटकीण होती. तिला जन्मभर एकटं राहायचं असतं आणि शेजारी राहायला आलेल्या, शापानं निम्मा दगड झालेल्या राजपुत्राला ती रोज ठणकावून सांगते, तू मला अजिबात आवडत नाहीस. पुढं शिंकांनी तिचा जीव मेटाकुटीला येतो. आई आतून विचारायला आली, काय झालं गं एवढं हसायला? त्या घरात तेवढं मोठ्यानं तोवर कुणी हसलं नव्हतं. आईही मग दाराला टेकून ऐकत बसली.

तेव्हापासून तुम्ही मला पुस्तकं दोन्ही कपाटांतून आलटून पालटून देता, आणि देताना थोडं शिकवताही. तुमचं एक बोलणं माझ्या मनात कोरलेलं आहे: रहस्यकथेत वाचणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं, आणि असल्या प्रेमकथेत वाचणाऱ्याला सगळ्यात आधी. चेटकीण कुणाची होणार ते आपल्याला दुसऱ्या प्रकरणात कळलेलं असतं, तिला मात्र शेवटच्या. खून कुणी केला ते आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही, खुन्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. हे ऐकल्यापासून मी दोन्ही पुस्तकं वेगळ्या डोळ्यांनी वाचते. एकात खुणा शोधते. दुसऱ्यात शेवट ठाऊक असतो म्हणून निवांत असते आणि लेखक किती वळसे घालतोय ते बघते.

नियमांचंही तुम्हीच सांगितलंत. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज पाद्री, स्वतः रहस्यकथा लिहिणारे. त्यांनी 1929 साली या प्रकारासाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार गोष्टीत लवकर यायला हवा, भुताखेतांची मदत घ्यायची नाही, सापडलेली खूण वाचकापासून लपवायची नाही, आणि गुप्त वाट एकाहून जास्त नको. मी म्हणाले, मग उजवीकडचं कपाट तर सगळंच नियमाबाहेर. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. तिथं जादू चालते, पण तिचे कायदे लेखकानं आधी सांगायला हवेत आणि पुढं स्वतः मोडायचे नाहीत. खोटं बोलून एकदा जरी ती चेटकीण शिंकली नसती तर पुढचं हसू गेलं असतं. किती खरं!

सीमाभागातल्या एका साहित्य संमेलनात जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ म्हणाले होते की असली पुस्तकं वाचून मराठीचं काय होणार. मराठी तुमची घरची भाषा नव्हे, तुमचे वडील कन्नडमधल्या एन. नरसिंहय्यांच्या पत्तेदार पुरुषोत्तमाचे, म्हणजे त्यांच्या रहस्यकथांतल्या गुप्तहेराचे, भक्त. तरी उत्तर तुम्हीच दिलंत, तेही शांतपणे. 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. त्या कादंबरीपाठोपाठ 1861 मध्ये 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाटच उसळली. ऐतिहासिक कादंबरीची वाट 'मोचनगड'नं उघडून देणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर आपल्या जांबोटीचे. मराठी कादंबरी चालायला लागली ती अद्भुताचं बोट धरून, मग तिला आता लाज कसली? पंगतीतल्या दोघीतिघींनी तिथंच तुमचा पत्ता मागून घेतला.

आणि अक्का, ती पेन्सिल! कुणीतरी चौथ्या-पाचव्या पानाच्या कडेला खुन्याचं नाव लिहून ठेवतं आणि तुम्ही पुस्तक परत आलं की पान न् पान उलटून, खोडरबर घेऊन बसता. शाईनं लिहिलेलं असेल तर वर खाकी कागदाची पट्टी चिकटवता. पुढच्या वाचकाचा आनंद कुणी हिरावू नये म्हणून एवढं करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. माझ्या हाती आलेलं प्रत्येक रहस्य अखेरपर्यंत रहस्यच राहिलं, ते तुमच्या त्या खोडरबरामुळं. याबद्दल तुमचे वेगळे आभार.

आता आईसुद्धा वाचते. डोळ्यांना त्रास होतो म्हणून रात्री मी वाचून दाखवते. पावसात करंट गेला तर बॅटरीच्या उजेडात खुनाची गोष्ट थांबवावी लागते, कारण तिला भीती वाटते, आणि मग आम्ही चेटकिणीकडं वळतो. खुनी कोण ते ती माझ्याआधी ओळखते. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हल्ली आमच्याकडं ऐकायला येते. तिला उजवीकडच्या कपाटातलं काहीतरी हवंय, फार रडकं नको आणि शेवट गोड हवा.

तिला घेऊन मी रविवारच्या सकाळच्या बसनं येते. आईसाठी डावीकडचं एक काढून ठेवा, जुन्या वाड्यातलं असलं तर उत्तम. या सगळ्यासाठी, अक्का, मनापासून आभार.

तुमची,
खानापूरची वाचक