नारळीकरांना कुमारवाचकांचे लेखक म्हणूनही ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला डॉ. जयंत नारळीकरांवरचा लेख वाचला. केंब्रिज, फ्रेड हॉईल, गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, पद्मविभूषण, सगळं नीट आलं आहे. कथालेखनाची मात्र शेवटी एका ओळीत बोळवण झाली. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हाच्या बहुतेक मृत्युलेखांतही हेच झालं होतं. मोठा शास्त्रज्ञ, फावल्या वेळात कथाही लिहायचा, असा एकूण सूर. तो मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

मी तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते आणि शाळेचं ग्रंथालयही सांभाळते. आमच्या मुलांना नारळीकर आधी कथाकार म्हणून भेटतात. ते खगोलशास्त्रज्ञ होते हे त्यांना मागाहून कळतं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून या वयाच्या मुलांना विज्ञानकथेची गोडी लावली होती. पण आपल्या मातीतली, आपल्या नावागावांची विज्ञानकथा या मुलांच्या हाती पडली ती मुख्यतः नारळीकरांमुळे. त्यांच्या सगळ्याच कथा मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या, हे खरं. मुलांनी त्या आपल्याशा केल्या.

या लेखकाचं बालपण बनारसचं. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. त्यांच्या घरात भिंतीवर लिहायचे काळे फळे होते. एम.एस्सी.साठी राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर 'जविनांसाठी आव्हान' अशा मथळ्याखाली एखादं कोडं लिहून ठेवायचे. जविना म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. उत्तर सापडेपर्यंत किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. नारळीकरांच्या आत्मचरित्रातला हा भाग मी वर्गात वाचून दाखवते. शिक्षक म्हणून मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की कोडं मुलाच्या डोळ्यांसमोर राहायचं आणि उत्तराची घाई कुणी करायचं नाही. पुढे त्यांच्या कथाही तशाच झाल्या. आधी एक कोडं, मग ते सोडवू पाहणारी माणसं.

१९५९ मध्ये ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. त्यांचे गुरू हॉईल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत, त्यामुळे गंभीर संशोधकाने गोष्टी लिहिणं कमीपणाचं नाही हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यानंतरची हकिकत मराठी साहित्याच्या इतिहासात ठळकपणे यायला हवी.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा ठेवली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना नारळीकरांनी समोरच्या कागदांवर कथा लिहायला सुरुवात केली. तिचं नाव 'कृष्णविवर'. स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षकांवर दडपण येणार, म्हणून त्यांनी नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने उतरवून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ज्याला देश ओळखत होता तो माणूस नवख्या लेखकांच्या रांगेत, त्यांच्याच अटींवर उभा राहिला. हा फावल्या वेळचा छंद नव्हता. लेखक म्हणून आपली पारख व्हावी ही आच त्यात होती. पुढे मुकुंदराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर' मासिकासाठी कथा मागून घेतल्या, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या लेखनाची दखल घेतली आणि १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह मौज प्रकाशनाकडून आला.

मुलं कशावर लुब्ध होतात ते सांगते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली, आणि मराठे पानिपत जिंकले. या जगातही मुंबई इंग्रजांकडेच आहे, पण भाडेपट्ट्याने. पंत फोर्ब्सच्या कचेरीत आपल्या मुलाची चौकशी करतात, तर त्या नावाचा माणूसच तिथे नाही. मग ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि वाट कुठे फुटली ते शोधतात. परतताना खिशात बखरीचं एक पान राहतं, आणि ते आपल्या जगातल्या पानाशी जुळत नाही. या कथेचं इंग्रजी रूप अनेक वर्षं एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आहे, म्हणजे केरळपासून काश्मीरपर्यंतच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी ती वाचली आहे. आमच्या नववीतल्या मुलांना मी ती मराठीत वाचून दाखवली, तेव्हा तास संपला तरी कुणी उठेना. एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्या जगात आपली शाळा असेल का?" कथेतलं हे दुसरं जग पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) कल्पनेवर बेतलेलं आहे, आणि तो विषय मला नववीच्या वर्गात याआधी कधीच काढता आला नव्हता. त्या दिवशी तो मुलांनीच काढला.

दुसरी कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. तिच्यात वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होऊन येते. ती शिकवताना मी वर्तमानपत्राच्या कडेची लांब पट्टी फाडून देते. एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा, टोकं खळीने चिकटवायची आणि मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत जायचं. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला येऊन मिळते. अशा पट्टीवरून एक फेरी मारलेली आकृती आरशातल्यासारखी उलटी होऊन परतते. मोबियसची ही पट्टी हातात धरून कथा पुन्हा वाचली की चमत्कारामागचं गणित मुलांना बोटांनी समजतं.

आणि 'धूमकेतू'. हौशी आकाशनिरीक्षक दत्ता नवा धूमकेतू शोधतात आणि तो पृथ्वीवर आदळणार असं निष्पन्न होतं. शास्त्रज्ञ त्याचा मार्ग बदलतात. इकडे घरी पत्नी यज्ञ घालते आणि संकट टळल्याचं श्रेय यज्ञाला देते. नारळीकर त्या बाईंची टिंगल करत नाहीत. नवऱ्याला काय वाटलं असेल, ते वाचणाऱ्या मुलावर सोपवतात. हाच माणूस २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घ्यायला उभा राहिला. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं, आणि निकाल नाणेफेकीहून सरस निघाला नाही. गोष्टीत मांडलेली भूमिका त्यांनी चारचौघांतही निभावली.

त्यांच्या लेखनात उणिवा आहेत, आणि त्या सांगायला हव्यात. पात्रं बहुधा एका रेघेची असतात. संवादाचं मध्येच व्याख्यान होतं. स्त्रिया थोड्या, आणि ज्या आहेत त्या अनेकदा कडेला उभ्या. आजच्या मुलींना हे जाणवतं. त्या तसं बोलून दाखवतात. पण याच कारणासाठी त्यांना लेखकांच्या पंगतीत न बसवणं मला पटत नाही. कल्पना हेच ज्या कथेचं मुख्य पात्र, तिला त्याच मापाने जोखलं पाहिजे, आणि त्या मापाने 'वामन परत न आला' सारखी कादंबरी आजही टिकते. जमिनीत सापडलेल्या पेटीतून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचं ज्ञान मिळतं, त्यातून यंत्रमानव घडतो, आणि त्या संस्कृतीचा नाश कशाने झाला हे कळेपर्यंत उशीर होत जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घरोघर चालू असताना दहावीच्या मुलाला द्यायला याहून चांगलं पुस्तक मला मराठीत दिसत नाही.

मुलांशी त्यांचं वागणंही लेखकाचंच होतं. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. आणि ते यायचं. आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञानशोधिका हे विज्ञानकेंद्र उभं राहिलं. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, पण प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला, २०१४ मध्ये. कथांचा मान त्यांच्या वाचकांनीच ठेवला.

आता मागणं. त्यांच्या निवडक कथांची, बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी, मोठ्या टायपातली आणि शाळेला परवडेल अशा किमतीची आवृत्ती निघावी, आणि ती शालेय ग्रंथालयांच्या खरेदीच्या यादीत असावी. पुस्तकं बाजारात मिळतात, पण तालुक्याच्या शाळेपर्यंत ती आपसूक पोचत नाहीत; आमच्या कपाटातल्या प्रती पालकांकडून आलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकात एखादा धडा लागतो, तो प्रश्नोत्तरांपुरता उरतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. तिथे आणि आपल्या बालपुरवणीत या वयासाठी नवी विज्ञानकथा नियमित यावी. आपल्या वृत्तपत्राने स्वतः विज्ञानकथांची एक स्पर्धा घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लेखकाचं नाव परीक्षकांपासून झाकलेलं असावं. मुलांनाही लिहू द्यावं. निवडलेल्या कथा मानधन देऊन पूर्ण छापाव्यात, कापून नव्हे. आमच्या शाळेतून कथा येतील, त्या गोळा करून पाठवायचं काम मी करीन.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, फलटण (जि. सातारा)