निम्म्या गोळ्या कपाटातच

प्रिय सोहम,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर 'हेल्थ सायकॉलॉजी', म्हणजे आरोग्याचं मानसशास्त्र, शिकायचंय म्हणालास आणि मी लगेच विचारलं, "त्यात नोकरी काय मिळते?" तू गप्प झालास. प्रश्न चुकीचा नव्हता, पण मी घाई केली.

औषधांच्या काउंटरमागे माझी सव्वीस वर्षं गेली. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे किती जणांना सांगितलं असेल! पण घेता का, असं कधी कुणाला विचारलं नाही. फोननंतर थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल म्हणतो की, विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांत सांगितल्याप्रमाणे उपचार घेण्याचं प्रमाण सरासरी पन्नास टक्केच आहे. बाकीचे सगळे काही विसरभोळे नसतात. बीपी वाढलेलं जाणवत नाही, गोळीचा त्रास मात्र जाणवतो. एकदा सुरू केली की सुटायची नाही, ही भीती असते. काहींना गोळी घेणं म्हणजे आपण आजारी आहोत अशी कबुली वाटते. (मलाही वाटायची. तुला बोलले नव्हते.) ही कारणं शोधायची, त्यावर काही करून बघायचं आणि फरक पडला का ते मोजायचं. तुझा विषय हाच ना?

१९७७ मध्ये जॉर्ज एंगल नावाच्या डॉक्टरांनी मांडलं की, आजार समजायचा तर शरीराबरोबर मन आणि भोवतालची परिस्थितीही बघावी लागते. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या विषयाचा वेगळा विभाग काढला. १९९५ चा एक अभ्यास तर मनातून जात नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम छोटीशी जखम केली, तर ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. दोन्ही गट मिळून सव्वीसच बायका होत्या, तेव्हा फार मोठे निष्कर्ष नकोत. पण मला आजीचं शेवटचं वर्ष आठवलं.

आता पोटापाण्याचं. नुसत्या पहिल्या पदवीवर फारसं काही होणार नाही. ब्रिटनमध्ये 'हेल्थ सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. मास्टर्स, त्यानंतर देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, म्हणून काम कुठे करायचं ते आधी ठरव. मानसिक आजारांवर थेरपी करायची इच्छा असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजीची वाट निराळी आहे. नंतर बदलू म्हणशील तर वर्षं जातील. जाहिरातींत तुझ्या विषयाचं नाव क्वचितच दिसेल. हृदयविकारानंतरचं पुनर्वसन, कॅन्सर विभाग, पेन क्लिनिक, तंबाखू सोडवण्याचे कार्यक्रम, सार्वजनिक आरोग्य, संशोधन अशा ठिकाणी शोधावं लागेल. सुरुवातीची कामं बऱ्याचदा प्रोजेक्टपुरती असतात. 'वेलनेस'च्या नावाखाली काहीही विकणारे मात्र लगेच बोलावतील. तिकडे जाऊ नकोस.

आणि स्टॅटिस्टिक्स चुकणार नाही. गणित टाळायला आर्ट्सला गेलास, आता भोग!

फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाला विचार: इंटर्नशिप खरोखर हॉस्पिटलात असते का, देखरेख कोण करतं, मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत. उत्तरं आली की मला पाठव. मग फीचं बघू.

तुझी,
आई