मृगाच्या पावसात गुरचरण थोडं राखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरचरणावरच्या अतिक्रमणांबद्दल वृत्तपत्रांत बरंच छापून येतं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सगळ्या राज्यांना बजावलं, ते योग्यच झालं. पण जे गुरचरण अजून शिल्लक आहे ते आपण चारतो कसं, यावर कुणी बोलत नाही.

मी कळव्याला राहतो. गोठा मुरबाड तालुक्यात, गावी. सात गाई आहेत, त्या भाऊ बघतो. शनिवार-रविवार मी असतो. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, माळ जरा हिरवा दिसला की अख्ख्या गावाची गुरं एकदम सुटतात. उन्हाळाभर पेंढ्यावर काढलेली जनावरं ती, त्यांना काय दोष द्यायचा? गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने झुपका कवळते आणि हिसडा देते. जमीन भिजून मऊ झालेली, मुळांनी जेमतेम पकड घेतलेली. गेल्या जूनमध्ये आमच्या कपिलेच्या तोंडातून चिखलासकट मुळं लोंबताना मी पाहिली. ऑगस्टात त्या जागी टाकळा माजला होता, आणि टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत.

कोवळ्या गवतात पाणीच जास्त आणि चोथा कमी असतो, त्यामुळे शेण पातळ होतं आणि दुधातलं फॅट उतरतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, तेव्हा फटका थेट खिशाला बसतो. सकाळी सोडण्याआधी दोन पेंढ्या घातल्या तरी फरक पडतो.

आम्ही आमच्या वरकस, म्हणजे भात न पिकणाऱ्या जमिनीचे चार तुकडे केले, मध्ये झटका मशीनची, म्हणजे विजेचा हलका धक्का देणारी एकेरी तार. गवत चांगलं वीतभर झाल्याशिवाय गाई आत नाहीत, आणि चार बोटं उरलं की पुढच्या तुकड्यात. एका तुकड्यात फार तर आठवडा, म्हणजे प्रत्येकाला तीन आठवडे विसावा मिळतो. उरलेल्या पात्यांच्या जोरावर गवत लवकर फुटतं. शेणातल्या अंड्यांपासून साधारण आठवड्यात जंतांच्या अळ्या तयार होऊन ओल्या पात्यांवर चढतात. तोवर गाई पुढे गेलेल्या असतात. यंदा दिवाळीपर्यंत हिरवं पुरलं.

राळेगणसिद्धी, हिवरे बाजारने चराईबंदी केली, तिथे गवत कापून आणतात. आमच्याकडे ते जमणार नाही. भातलावणीच्या दिवसांत गवत कापायला माणूस आणायचा कुठून? म्हणून पूर्ण बंदी नको, पण निम्मं गुरचरण जुलैच्या मध्यापर्यंत राखावं आणि नंतर आळीपाळीने चारावं. आजोबांच्या वेळी रान राखायला गावाने माणूस नेमलेला असायचा, त्याला घरटी भात मिळायचं. तसं पुन्हा करता येईल.

ज्याच्याकडे ना वरकस, ना पेंढा, त्याच्या दोन गाईंचं काय, हा प्रश्न खरा आहे. मोकळं ठेवलेलं निम्मं रान पहिला महिनाभर फक्त त्यांच्या गुरांसाठी असावं. आमच्यासारख्या जमीनवाल्यांनी तेवढे दिवस आपली गुरं गोठ्यात बांधावीत. आमच्या सातही गाई बांधून ठेवायला भाऊ तयार आहे. पावसाआधीच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. जिल्ह्यातल्या इतर गावांत कुणी असं रान राखत असेल, तर त्यांनी आपल्या पानावर जरूर लिहावं.

– एक दूध उत्पादक, कळवा (ठाणे)